मोटरहोममधून ॲरिझोना, न्यू मेक्सिकोचं वाळवंट: चाक कमी, मुक्काम जास्त

किंजळ

ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या दक्षिण पट्ट्यातलं वाळवंट आम्ही नवरा-बायको मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन फिरून आलो. दुसऱ्या एका धाग्यावर दोघातिघांनी मार्ग आणि गाडीबद्दल विचारलं होतं. तिथं अवांतर नको म्हणून इथं वेगळं लिहिते.

मत आधी सांगते. आपली बहुतेक मंडळी लास व्हेगासला मोटरहोम घेतात आणि झायन, ब्राइस, मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यन असा फेरा मारून आठवड्यात परत येतात. तेवढ्यासाठी ही गाडी घेऊ नका. रोज पाच-सहा तास हाकून रात्री आडवंच व्हायचं असेल तर साधी कार आणि मोटेल केव्हाही बरं. मोटरहोमची मजा इंजिन बंद केल्यावर सुरू होते. आणि हे वाळवंट असं की काचेतून बघाल तर तासाभरात कंटाळाल, खुर्ची टाकून बसाल तर संध्याकाळ पुरत नाही.

आम्ही फेब्रुवारीअखेर फिनिक्सला गाडी घेतली. क्लास सी, म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली, पंचवीस फुटी. वेगळं लायसन्स लागत नाही. उत्तरेला जायचं मुद्दाम टाळलं. फ्लॅगस्टाफ सुमारे ७,००० फुटांवर आहे, त्या दिवसांत तिथं बर्फ असतं आणि रात्री गाडीतलं पाणी नळातच गोठतं. हिवाळ्यात खालचं वाळवंट, वरचं पठार एप्रिलनंतर, हा हिशोब पक्का ठेवा.

पहिला मुक्काम क्वार्ट्झसाइट. एरवी काही हजार वस्तीचं गाव, पण थंडीत कॅनडापासूनचे पेन्शनर आपापली घरं चाकांवर घालून लाखोंनी इथं येतात. गावाबाहेरची मोकळी जमीन बीएलएमची, म्हणजे केंद्र सरकारच्या जमीन खात्याची. डोम रॉकसारख्या भागात १४ दिवस फुकट राहता येतं. ज्यांना पूर्ण हंगाम काढायचाय त्यांच्यासाठी ला पोसा नावाचा मोठा पट्टा आहे, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल, परवाना काढून. तिथं पाणी भरायला आणि टाक्या रिकाम्या करायला सोय आहे. बाकी वीज नाही, नळ नाही, आखलेली जागा नाही. दगडगोटे, ओकोटियोची काटेरी झुडपं आणि हाकेच्या अंतरावर कुणाचं तरी घर. आम्ही एक रात्र म्हणून गेलो आणि चांगले रेंगाळलो.

या गावच्या स्मशानात एक छोटा पिरॅमिड आहे, वर तांब्याचा उंट. अमेरिकन सैन्याने १८५६ मध्ये वाळवंटात सामान वाहायला उंट आणले, त्यांच्याबरोबर आलेल्या हाजी अलीची ही समाधी. इथल्या लोकांना नाव उच्चारता येईना, म्हणून त्याचं ‘हाय जॉली’ करून टाकलं. उंटांचा प्रयोग पुढं बारगळला, हा माणूस मात्र १९०२ मध्ये इथंच वारला. मुंबईच्या माणसाला हाजी अली म्हटल्यावर समुद्र आठवतो. इथं चहूकडे पाण्याचा टिपूस नाही.

पाण्यावरून आठवलं. आमच्या गाडीची पाण्याची टाकी साधारण १५० लिटरची होती. शेजारचं जोडपं दुसऱ्याच दिवशी पाणी भरायला पळालं. माझा नवरा माण तालुक्यातला, टँकरची वाट बघत वाढलेला. त्यानं गाडीचा ताबा घेतल्या दिवशीच घोषणा केली की ताटं आधी कागदानं पुसायची, मग एका तांब्यात धुवायची, आणि अंघोळीत नळ अंग भिजवायला आणि साबण काढायला, एवढाच सुरू करायचा. मी वाईची, कृष्णेकाठची. मला हे सगळं काटकसरीच्या पलीकडचं वाटलं. पण टाकी पुरली, हे कबूल.

खरं तर आधी संपते ती वीज. वाळवंटात रात्री चार-पाच अंशांपर्यंत पारा उतरतो. हीटर गॅसवर चालतो म्हणून लोक निर्धास्त झोपतात, पण त्याचा पंखा बॅटरीवर असतो आणि तो पहाटेपर्यंत बॅटरी चाटूनपुसून खातो. आम्ही झोपताना हीटर बंद ठेवून दोन दुलया घ्यायचो. फ्रिजही गॅसवर चालतो, मात्र गाडी सपाट उभी हवी, नाहीतर तो थंडच होत नाही आणि बिघडतोही. म्हणून चाकाखाली घालायचे ठोकळे बरोबर ठेवायचे.

पुढचा मुक्काम टूसॉन. सवारो राष्ट्रीय उद्यानात मोटरहोमसाठी कॅम्पग्राउंड नाही, म्हणून पश्चिमेच्या बाजूला काउंटीच्या गिल्बर्ट रे कॅम्पग्राउंडला राहिलो. वीज मिळते, जागेवर नळ नाही, सभोवती सवारोच सवारो. या निवडुंगाला पहिला हात फुटायला ५० ते ७५ वर्षं लागतात, म्हणजे चार हातवाले दिसतात ते आपल्या पणजोबांच्या वेळचे. त्याच्या खोडात सुतार पक्षी घर कोरतो, तो गेला की घुबड राहायला येतं. पूर्वेकडच्या भागातल्या फेरीच्या रस्त्यावर आठ फुटांपेक्षा रुंद गाडीला मनाई आहे, तेव्हा मोटरहोम घेऊन तिकडं जाऊ नका.

तिथून आय-१० या महामार्गानं पूर्वेला. बिस्बी हे जुनं तांब्याच्या खाणींचं गाव सुंदर आहे, पण गल्ल्या अरुंद आणि चढाच्या. गाडी खाली ठेवून चालत फिरलो. मग लास क्रूसेस ओलांडून व्हाइट सँड्स, पांढऱ्या टेकड्यांचं राष्ट्रीय उद्यान.

व्हाइट सँड्सबद्दल थोडं जास्त लिहिते. ही वाळू नाहीच, जिप्सम आहे. जिप्सम पाण्यात विरघळतं, म्हणून एरवी नद्या ते समुद्राला नेऊन घालतात. टुलारोसाच्या खोऱ्यातून मात्र एकही नदी बाहेर पडत नाही. डोंगरातलं जिप्सम तळ्यात उतरतं, पाणी आटतं, स्फटिक राहतात, वारा त्यांचा चुरा करून टेकड्या रचतो. भर दुपारी अनवाणी चाललो तरी पाय भाजत नाहीत, कारण पांढरा रंग ऊन परतवून लावतो. इथल्या जुन्या तळ्याच्या गाळात माणसांच्या पावलांचे ठसे सापडलेत, २१,००० ते २३,००० वर्षांपूर्वीचे. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेत माणूस कधी आला याचा आधीचा अंदाज बराच मागं गेला. नवरा एका टेकडीवरून घसरगाडीवर बसून आठ-दहा वेळा खाली आला. वय सांगत नाही.

उद्यानात गाडी घेऊन रात्री राहता येत नाही, संध्याकाळी फाटक बंद होतं. आम्ही अलामोगोर्डोजवळच्या ऑलिव्हर ली स्टेट पार्कात राहिलो. व्हाइट सँड्सच्या शेजारी क्षेपणास्त्र चाचणीचं मैदान आहे. चाचणी असली की रस्ता आणि उद्यान काही वेळ बंद ठेवतात, आदल्या दिवशी चौकशी करून निघा.

विचारा काय विचारायचं ते.

शेवंती_७२

मस्त लिहिलंय. वाईच्या जावयाला दंडवत! पण संडासाचं काय ते कुणीच लिहीत नाही. माझा नवरा तेवढ्या एका प्रश्नावर अडून बसलाय.

किंजळ

शेवंती, दोन टाक्या असतात. संडासाची काळी, मोरी आणि बेसिनची करडी. डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, जाड नळी जोडायची, आधी काळी सोडायची, मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्यानं नळी आपोआप धुतली जाते. रबरी हातमोजे घालायचे. आणि काळी टाकी बऱ्यापैकी भरल्याशिवाय सोडायची नाही, कमी पाण्यात घट्ट मामला तळाला बसून राहतो. पाच मिनिटांचं काम आहे. नवऱ्याला सांग, एकदा करून झालं की माणूस उगाचच शूर होतो.

कट्ट्यावरचा_नाना

थोडं थंड पाणी ओततो. मोटरहोमचं रोजचं भाडं, मैलामागं वेगळा आकार, गॅलनला जेमतेम आठ-दहा मैल, जनरेटरचे तासावर पैसे, विमा, वर चांगल्या कॅम्पग्राउंडचं भाडं. तेवढ्यात दोघांचं मोटेल, भाड्याची कार आणि दोन वेळचं जेवण सहज बसतं. वर पटेलांच्या मोटेलात सकाळी चहा तरी मिळतो. ‘स्वातंत्र्य’ वगैरे ठीक आहे.

किंजळ

नानाकाका, आकडे बरोबर आहेत. स्वस्त पडतं म्हणून कुणी घेत असेल तर मीच थांबवेन. पण तुमच्या यादीतले दोन मोठे खर्च मैलांचे आहेत. गाडी पळवली की ते वाढतात, उभी ठेवली की थांबतात, आणि बीएलएमच्या जमिनीवर मुक्कामाचं भाडं शून्य. म्हणून तर म्हटलं, चाक कमी. आणि रात्री दोन वाजता पायरीवर बसून आकाशगंगा बघायची तर मोटेलच्या पार्किंगमध्ये दिव्याखाली काय दिसणार?

कट्ट्यावरचा_नाना

आकाशगंगेचा मुद्दा मान्य. बाकी मी मोटेलवाला आहे आणि राहणार.

टूसॉनकर

इथं बरीच वर्षं राहतोय म्हणून थोडी भर.

आय-१० वर ॲरिझोना ओलांडून न्यू मेक्सिकोत शिरलं की लॉर्ड्सबर्गच्या आसपास कोरड्या तळ्याचा सपाट पट्टा लागतो. वसंतात वारा उठला की तिथं धुळीची भिंत येते आणि बॉनेटसुद्धा दिसत नाही. अशा वेळी गाडी डांबरापासून जमेल तितकी बाहेर घ्यायची, सगळे दिवे बंद करायचे, हँडब्रेक ओढायचा आणि ब्रेकवरचा पाय काढायचा. सीटबेल्ट सोडायचा नाही. आपल्याला सवय असते चारी इंडिकेटर लावून उभं राहायची. इथं तीच जिवावर बेतते, मागचा माणूस तुमचे लाल दिवे बघून रस्ता तिकडंच आहे असं समजतो आणि येऊन आदळतो. मोटरहोम उंच, त्यामुळं वाराही जास्त लागतो. वाऱ्याचा इशारा असेल त्या दिवशी निघूच नका, तुमचं घर बरोबरच आहे की.

दुसरं, या पट्ट्यात मेक्सिकोच्या सीमेपासून आत आल्यावरही बॉर्डर पेट्रोलच्या चौक्या आहेत, व्हाइट सँड्सहून लास क्रूसेसला परतताना एक लागतेच. ग्रीनकार्डवाल्यांनी कार्ड जवळ ठेवणं कायद्यानंच बंधनकारक आहे, व्हिसावाल्यांनी पासपोर्ट ठेवा. बहुतेक वेळा एका प्रश्नात सोडतात.

तिसरं, चोया नावाचा निवडुंग. दिसतो मऊ, लव असल्यासारखा. नुसता चाटून गेलात तरी त्याचा अख्खा गोळा अंगाला चिकटतो. हातानं काढायला गेलात तर हातालाही बसतो. खिशात जाड दातांचा कंगवा ठेवायचा आणि त्यानं उडवायचा. इथं प्रत्येकाच्या गाडीत असतो.

लाडूबाई

मला जेवणाचं सांगा. पोळ्या केल्यात की ब्रेडवर भागवलं?

किंजळ

लाडूबाई, पोळ्या केल्या, पण फोडणी घातली की स्मोक अलार्म कोकलतो. पहिल्या दिवशी मोहरी तडतडली आणि आजूबाजूचे तिघं विचारपूस करायला आले. मग छतावरचा पंखा आधी लावायचा नियम केला आणि फोडणीचं सगळं बाहेरच्या टेबलावर वेगळ्या शेगडीवर. कुकर नेलाच होता, कमी गॅसवर वरण-भात होतो. विजेची जोडणी असलेल्या जागी इंडक्शन चालतं, पण ३० अँपियरच्या जोडणीवर एसी, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन एकदम लावलंत की अंधार.

किराणा फिनिक्सच्या भागातच भरून घ्या, चँडलर-मेसाकडे भारतीय दुकानं भरपूर आहेत. पुढं फार काही नाही. आणि न्यू मेक्सिकोत हॅच या गावची मिरची घ्याच. ताजी येते ऑगस्ट-सप्टेंबरात, तेव्हा दुकानाबाहेर जाळीच्या पिंपात घालून भाजून देतात. आम्हाला भाजून गोठवलेली मिळाली. लसूण, मीठ, दाण्याचं कूट घालून पाट्याऐवजी वाटीनं रगडली. ठेचा म्हणून ती मवाळ आहे, पण भाजल्याचा वास असा की भाकरीची आठवण यावी. तिथल्या हॉटेलात जेवण मागवलं की हमखास विचारतात, लाल की हिरवी? हा प्रश्न त्या राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, चेष्टा नाही.

लाडूबाई

मिरचीवर राज्याचा अधिकृत प्रश्न! कोल्हापूरकरांनी काहीतरी करायला हवं.

माळरान

मी बुलढाण्याचा, त्यामुळं विचारल्याशिवाय राहवत नाही. उत्तर ॲरिझोनातलं विन्स्लोजवळचं उल्काविवर पाहिलंत का? लोणार बघितलेल्या माणसानं ते बघायलाच हवं. ते सुमारे १.२ किलोमीटर रुंद आणि साधारण ५०,००० वर्षांपूर्वीचं, आपलं लोणार जवळपास १.८ किलोमीटर, म्हणजे आपलं मोठं. पण तिथं पाणी नाही, झाडी नाही, त्यामुळं कड उलटी वळलेली, दगडाचे थर उलथलेले स्पष्ट दिसतात. लोणारला तेच सगळं झाडीत आणि खाऱ्या पाण्याखाली. दोन्ही विवरांना लोक आधी ज्वालामुखीचं तोंड समजत होते. ॲरिझोनाच्या विवरात तर बॅरिंजर नावाच्या गृहस्थानं खाली लोखंडाचा गोळा पुरलेला आहे म्हणून आयुष्यभर खणलं. गोळा बहुतेक धडकेतच वितळून वाफ झाला होता. भूशास्त्रज्ञ शूमेकरनं १९६० मध्ये तिथल्या दगडात आघातानंच तयार होणारं खनिज दाखवलं, तेव्हा वाद मिटला. ‘अपोलो’च्या अंतराळवीरांनी तिथं सराव केलाय. जागा खासगी मालकीची आहे, त्यामुळं राष्ट्रीय उद्यानांचा सरकारी पास चालत नाही.

किंजळ

माळरान, नाही ना! उत्तरेला गेलोच नाही. तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला, त्यानं लगेच नकाशा उघडलाय.

टूसॉनकर

तिकडं गेलात तर घड्याळाचं बघा. बहुतेक अमेरिका उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढं करते, ॲरिझोना करत नाही. नाव्हाहो या मूळ रहिवासी जमातीच्या प्रदेशात करतात. त्याच्या मधोमध होपींचा प्रदेश, ते करत नाहीत. पेज गावाजवळच्या अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीची वेळ ठरवताना फोनवर विसंबू नका, कुणाचं घड्याळ ते विचारून घ्या.

गोधडी

जुलैत आईबाबा पुण्याहून येतायत, दोघं साठीच्या पुढचे. त्यांना घेऊन हाच मार्ग करावा का? उद्यानांच्या पासाचं काय?

टूसॉनकर

गोधडी, जुलैत नको. फिनिक्सला ४५ अंश ही बातमी नसते. जनरेटर अखंड चालवूनही ती पत्र्याची पेटी गार होत नाही, आणि उन्हात टायर फुटतात. जुलैपासून इथं पावसाळाही सुरू होतो. पाऊस पन्नास मैलांवर पडतो आणि लोंढा तुमच्या पुढ्यात येतो. अँटिलोप कॅन्यनमध्ये १९९७ च्या ऑगस्टात असेच ११ पर्यटक वाहून गेले, वर आभाळ कोरडं होतं. आईबाबांना ऑक्टोबरच्या शेवटी बोलवा.

पासबुक

पासाचं मी सांगतो. २०२६ पासून नियम बदललेत. इथल्या रहिवाशांचा वर्षाचा पास ८० डॉलर, परदेशी पाहुण्यांचा २५०. शिवाय ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस धरून ११ उद्यानांत पास नसलेल्या परदेशी पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जादा. किंजळताईंच्या मार्गावरची सवारो आणि व्हाइट सँड्स ही दोन्ही त्या ११ मध्ये नाहीत, तेव्हा आईबाबांसाठी हाच मार्ग हलका पडेल. तुमच्यापैकी कुणी ६२ पूर्ण आणि नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असेल तर त्यांना ८० डॉलरमध्ये आयुष्यभराचा ज्येष्ठ पास मिळतो, अनेक सरकारी कॅम्पग्राउंडांत निम्मं भाडंही लागतं.

शेवंती_७२

नवरा संडासाच्या प्रश्नावरून उतरला, आता नवीन काढलंय. फुकटच्या जमिनीवर रात्री एकटं, भीती नाही वाटली?

किंजळ

पहिल्या रात्री वाटली. कोल्हे ओरडायला लागले की वाटतंच. पण क्वार्ट्झसाइटसारख्या ठिकाणी आजूबाजूला सगळे आजी-आजोबा, नऊला दिवे मालवून झोपणारे. खरा उपद्रव उंदरांचा. ते इंजिनात शिरून वायरी कुरतडतात, म्हणून रात्री बॉनेट उघडं ठेवून आत छोटा दिवा लावतात. सुरुवातीला मला वाटलं, सगळ्यांच्याच गाड्या बिघडल्यात. आणि संसाराला खरा धोका असेल तर तो गाडी मागं घेताना. नवरा चाकावर, मी मागं उभी राहून हातवारे. मी म्हणते ‘इकडं’, तो म्हणतो ‘इकडं म्हणजे कुठं?’ आणि समोर दोन आजोबा खुर्च्या टाकून कौतुकानं बघतायत. फोनवर बोलत मागं घ्या आणि फक्त ‘ड्रायव्हरची बाजू’, ‘दाराची बाजू’ असे दोनच शब्द वापरा.

कट्ट्यावरचा_नाना

मोटेलात हा प्रश्न येत नाही, एवढंच नोंदवून ठेवतो. एक कामाचं मात्र विचारतो. भाड्याची गाडी ताब्यात घेताना काय तपासायचं?

किंजळ

अरे वा, नाना! टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. खाचा नव्या दिसल्या तरी सहा-सात वर्षांचं रबर वाळवंटात घेऊन जायचं नाही, तिथंच बदलून मागायचं. नळ, शेगडी, हीटर, फ्रिज एकेक सुरू करून बघायचं. छत आणि मागच्या कोपऱ्यांचे व्हिडिओ काढायचे. आणि गाडीची उंची कागदावर लिहून पुढच्या काचेवर चिकटवायची, पेट्रोल पंपाच्या छताखाली शिरताना ती आठवत नाही.

कुठल्या महिन्यात जाताय?